ओव्हरप्रिंट खरं की नंतर मारलेलं? सासऱ्यांच्या अल्बमबद्दल आलेल्या पत्राला उत्तर

पत्र थोडक्यात असं आहे. "सासरे गेल्यावर कपाटात त्यांचे दोन स्टॅम्प अल्बम सापडले. राणीची आणि राजांची जुनी तिकिटं आहेत, त्यांच्यावर काळ्या अक्षरात ग्वाल्हेर, पतियाळा, जिंद अशी नावं छापलीत. काहींवर पाकिस्तान छापलंय. एका पाकिटात देवनागरीत कोरिया लिहिलेली तिकिटं आहेत आणि एक गांधीजींचं १० रुपयांचं आहे त्याच्यावर सर्व्हिस असं छापलंय. एका खरेदीदाराने अल्बम चाळला आणि म्हणाला वरची छपाई सगळी डुप्लिकेट आहे तरी मी सगळं मिळून घेतो, उद्या सांगा. दुसरा म्हणतो एकट्या गांधींचे लाखो येतील. बऱ्याच तिकिटांमागे कागदाचे तुकडे चिकटलेत, पिवळे डाग पण आहेत. पाण्यात भिजवून साफ करून मग दाखवू का? आणि खरंखोटं घरी बसून कळतं का?"

ताई, सगळ्यात आधी पाण्याची वाटी बाजूला ठेवा. काहीही भिजवू नका, पुसू नका, मागचे कागद ओढून काढू नका. ते कागदाचे तुकडे म्हणजे हिंज, तिकीट अल्बममध्ये लावायची जुनी पद्धत, आणि त्या काळच्या बहुतेक सगळ्या अल्बममध्ये ते असतातच, त्यात गैर काही नाही. ओढून काढलं तर तिकिटाच्या मागचा कागद सोलून येतो, त्याला थिन म्हणतात, आणि तो कायमचा दोष असतो. आणि पाण्याचं म्हणाल तर जुन्या तिकिटांच्या बऱ्याच शाया मुद्दाम अशा बनवल्या होत्या की कोणी शिक्का धुवायला गेला तर तिकिटाचा रंगच उतरावा. लंडनची दे ला रू कंपनी जी आपली तिकिटं छापायची ती हिरव्या आणि जांभळ्या रंगांत हे हमखास करायची. लाल ओव्हरप्रिंटची, म्हणजे तिकिटावर वरून छापलेल्या लाल अक्षरांची, शाई पण पाण्यात पसरू शकते. न वापरलेलं तिकीट असेल तर त्याचा मागचा मूळ गम (डिंक) जातो आणि त्याच्याबरोबर निम्म्याहून जास्त किंमत जाते.

दुसरं, "सगळं डुप्लिकेट आहे पण तरी घेतो, उद्या सांगा" म्हणणाऱ्या माणसाला आत्ता काहीच सांगू नका. खोटं असेल तर त्याला कशाला हवंय? आणि लाखो येतील म्हणणाऱ्याचं पण आत्ता मनावर घेऊ नका, त्याने तरी कुठे भिंग लावून बघितलंय.

आता मुद्द्यावर येते. ओव्हरप्रिंटचं तिकीट म्हणजे दोन वेगळ्या वस्तू असतात, खालचं तिकीट आणि वरची छपाई, आणि दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या. खालचं तिकीट जवळजवळ नेहमी खरंच असतं कारण खोटं ओव्हरप्रिंट करणारा माणूस स्वस्तातलं खरं तिकीट घेतो आणि वर चार अक्षरं छापतो. म्हणून "तिकीट तर ओरिजिनल दिसतंय हो" या वाक्याला इथे काहीच अर्थ नाही. बघायचं हे की ही अक्षरं ह्या तिकिटावर, त्या काळात, त्या छापखान्यात पडू शकली असती का. आणि ओव्हरप्रिंटमुळे साध्या तिकिटाची किंमत जिथे खूप वाढते तिथेच सगळा संशय ठेवायचा. ग्वाल्हेरच्या अर्ध्या आण्याच्या तिकिटावर खोटं छापून कोणाला काय मिळणार? ती खरीच असतात, आणि तुम्हाला खूप उपयोगी पडणार आहेत, ते पुढे सांगते.

पहिली तपासणी काळाची करा, तिला फक्त कॅटलॉग (तिकिटांच्या नोंदी आणि किमती देणारं पुस्तक) आणि डोकं लागतं. पतियाळा, ग्वाल्हेर, जिंद, नाभा, चंबा आणि फरीदकोट या सहा संस्थानांनी ब्रिटिश टपाल खात्याशी करार केला आणि १८८४ ते १८८७ च्या दरम्यान ब्रिटिश इंडियाच्या तिकिटांवर त्यांची नावं छापून यायला लागली. पतियाळाचं इंग्रजी स्पेलिंग सुरुवातीला पुट्टियाला असं होतं, ते १८९१ मध्ये पतियाळा झालं. मग पंचम जॉर्जच्या तिकिटावर पुट्टियाला दिसलं तर भिंग काढायची पण गरज नाही, तो राजा गादीवर आला १९१० मध्ये. जिंदचं स्पेलिंग पण दोनतीन वेळा बदललंय, ते कुठल्या तिकिटावर कुठलं हवं हे कॅटलॉगशी जुळवून बघा. ग्वाल्हेरच्या तिकिटांवर इंग्रजीबरोबर देवनागरीत पण नाव असतं आणि सुरुवातीच्या तिकिटांत त्या देवनागरी शब्दाची लांबी साधारण १३ ते १४ मिलिमीटर आणि १५ ते साडेपंधरा मिलिमीटर अशा दोन प्रकारांत मिळते, कॅटलॉगमध्ये दोन्ही वेगळे दिलेले असतात. त्यामुळे मिलिमीटरची बारीक पट्टी हाताशी ठेवाच.

वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, हा काळ तपासायचा अजून एक पक्का मार्ग. तिकीट उलटं करून तिरप्या उजेडात धरलं की बऱ्याचदा दिसतो. राणीच्या जुन्या तिकिटांत हत्तीचं डोकं असतं, नंतर १८८२ पासून एक तारा येतो, आणि नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून छपाई सुरू झाल्यावर कागदभर बरेच तारे असलेला वॉटरमार्क आला. आता समजा पहिल्या महायुद्धातलं इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्सचं, म्हणजे आय.ई.एफ. छापलेलं तिकीट आहे. ते ओव्हरप्रिंट १९१४ चं. त्याच्या मागे बरेच तारे दिसले तर तो कागदच बारा वर्षांनी आलाय, विषय संपला. कितीही सुबक छापलेलं असू दे, खोटं करणारा मागची बाजू विसरतो.

शिक्क्यावरची तारीख आणि गाव पण वाचा. पाकिस्तानचं नाशिकला छापलेलं ओव्हरप्रिंट १ ऑक्टोबर १९४७ ला विक्रीला आलं, त्याच्या आधीच्या तारखेचा शिक्का असेल तर वापरलेल्या भारतीय तिकिटावर नंतर कोणीतरी छापलंय. संस्थानांची तिकिटं त्या त्या संस्थानातूनच पत्र टाकायला चालायची, त्यामुळे ग्वाल्हेरच्या तिकिटावर मुंबईचा शिक्का दिसला तर थांबून विचार करायचा. ही तिकिटं १९५० च्या अखेरीला बंद झाली, त्याच्या नंतरची तारीख पण तशीच खटकायला हवी.

आता भिंग. दहा पट मोठं दाखवणारं साधं लूप पुरेल, तीस पटीचं मिळालं तर छान. जुनी ओव्हरप्रिंट बहुतेक लेटरप्रेसवर झाली, म्हणजे उठावाची अक्षरं शाई लावून कागदावर दाबायची. दाबामुळे शाई अक्षराच्या कडेला सरकते, म्हणून भिंगातून बघितलं की अक्षराची कड गडद दिसते आणि मध्ये थोडं फिकं असतं. आणि मागून तिरपा उजेड टाकला की अक्षरांचा दाब उठून दिसतो, न वापरलेल्या तिकिटावर तर बोटालाही जाणवेल इतका असू शकतो (पण बोट लावू नका, गमवर ठसा राहतो). लेझर प्रिंटरने मारलेलं असेल तर काळी पूड वितळून चिकटलेली असते, थोडी चमकते, आणि अक्षराच्या आजूबाजूला बारीक बारीक ठिपके उडालेले दिसतात. इंकजेटची शाई कागदाच्या धाग्यांमधून फुटते, कड केसाळ होते. हे दोन प्रकार ओळखायला अवघड नाहीत, एकदा दाखवलं की कोणालाही कळतात.

अवघड काय आहे, तर जुन्या काळातच केलेली बनावट, ती पण लेटरप्रेसवर, छपाईच्या खऱ्याच खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या अक्षरांनी. तिथे दाबाची खूण असणारच, त्यामुळे दाब दिसला म्हणजे खरं असं समजू नका. आणि उलटही लक्षात ठेवा, वापरलेलं तिकीट भिजवून पुस्तकात दाबून वाळवलेलं असेल तर खऱ्या ओव्हरप्रिंटचा दाब पण सपाट होऊन जातो. म्हणजे दाब नाही म्हणून खोटं असंही नाही. इथे कामाला येतात ती तुमची स्वस्तातली तिकिटं. त्याच संस्थानाचं, त्याच राजाचं, त्याच काळातलं अर्ध्या किंवा एक आण्याचं तिकीट घ्या आणि महागड्याच्या शेजारी ठेवून दोन्ही १२०० डीपीआयवर एकत्र स्कॅन करा. मग कॉम्प्युटरवर मोठं करून अक्षर अन् अक्षर ताडून बघा, जाडी, उंची, दोन अक्षरांमधलं अंतर, दोन ओळींमधलं अंतर, शाईचा काळेपणा. खिळ्याच्या अक्षराच्या शेंड्यांना जी बारीक रेघ असते ती खोट्यात बहुतेक वेळा जाड किंवा बोथट होते. फक्त एक सांभाळा, रुपयांच्या किमतीची मोठ्या आकाराची तिकिटं वेगळ्या जुळणीने छापली जायची, त्यांची तुलना छोट्या तिकिटाशी करून उगाच घाबरू नका.

अजून एक फार सुंदर खूण आहे आणि ती मला सगळ्यात विश्वासाची वाटते. तिकिटाला घडी पडलेली असेल किंवा पुढून कुठे खरचटलं असेल, आणि ओव्हरप्रिंटचं अक्षर त्याच्यावरून जात असेल, तर तिथे भिंग लावा. ओव्हरप्रिंट खरं असेल तर ते घडीच्या आधीपासून तिथे आहे, मग कागदाबरोबर शाई पण तुटलेली, झडलेली दिसणार. घडीच्या खोबणीत आत शाई उतरलेली दिसली, किंवा खरचटलेल्या जागी उघड्या पडलेल्या धाग्यांवर शाई बसलेली दिसली, तर अक्षरं नंतर आलीत. दात्यांचं, म्हणजे तिकिटाच्या कडेच्या टोकांचं, पण तसंच, दात्याच्या तुटलेल्या टोकावर किंवा कागदाच्या कडेच्या जाडीवर शाई लागली असेल तर सुट्या तिकिटावर छापल्याची शंका घ्या, फक्त तेवढ्यावरून निकाल लावू नका, कारण दाते पाडलेल्या अख्ख्या शीटवर छापताना पण भोकांत थोडी शाई जाऊ शकते.

लोक शिक्क्याच्या बाबतीत हेच करायला जातात, ओव्हरप्रिंट शिक्क्याच्या वर आहे की खाली ते बघतात, आणि तत्त्व बरोबरच आहे, आधी ओव्हरप्रिंट मग शिक्का असाच क्रम हवा. पण काळ्यावर काळं असताना डोळा फसतो. छपाईची शाई तेलकट असते, शिक्क्याची शाई तिच्यावर नीट बसत नाही, त्यामुळे खाली असलेलं ओव्हरप्रिंट पण वर असल्यासारखं दिसू शकतं. नुसत्या या एका गोष्टीवरून कोणी तुमचं तिकीट खोटं ठरवत असेल तर ऐकू नका.

उलटं छापलेलं, दोनदा छापलेलं, अक्षर चुकलेलं, असल्या गोष्टी अल्बममध्ये दिसल्या की लोक हरखून जातात. काही चुका खऱ्या आणि नोंदलेल्या आहेत, ग्वाल्हेरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ओ च्या जागी सी पडलेलं तिकीट खरोखर आहे. पण शाई खरवडून ओ चा सी करणं किती सोपं आहे बघा, म्हणून तिथे कागद खरवडलाय का हे आधी बघायचं. आणि दुहेरी छपाईत दुसरा ठसा अगदी पुसट आणि जेमतेम सरकलेला असेल तर बऱ्याचदा कागद छापताना सैल राहून दोनदा टेकलेला असतो, त्याला खरी डबल म्हणत नाहीत.

आता तुमच्या गांधींकडे येऊया, कारण पत्राचा जीव तिथेच अडकलाय हे कळतंय. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं आली, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि १० रुपये, स्वित्झर्लंडच्या कूर्वोआझिए कंपनीने छापलेली. चारही किमतींवर सर्व्हिस छापून गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी थोडी तिकिटं काढली गेली, त्यात १० रुपयांची फक्त १००. अशा चार तिकिटांची एक पट्टी २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. आता तुम्हीच सांगा, खोटं करणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार? म्हणून सर्व्हिस छापलेलं गांधी दिसलं की ते खोटं आहे असं धरूनच सुरुवात करायची आणि खरं असल्याचा पुरावा मागायचा. तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल ते कळतंय मला, पण आशा लावून नंतर धक्का बसण्यापेक्षा हे आत्ता ऐकलेलं बरं. आणि सर्व्हिस खोटं निघालं म्हणून खालचं तिकीट टाकाऊ होत नाही, १० रुपयांचे गांधी स्वतः एक चांगलं, लोकांना हवं असलेलं तिकीट आहे, फक्त कोणीतरी त्याच्यावर छापून त्याचं नुकसान केलंय एवढंच. तुम्ही याच्यावर ब्लेड किंवा खोडरबर चालवून ते सर्व्हिस काढायचा प्रयत्न अजिबात करू नका. या तिकिटावर वॉटरमार्क नाही, त्यामुळे कोणी वॉटरमार्क बघायला बेंझिनसारखं द्रव लावू म्हणाला तर थांबवा, फोटोग्राव्युर छपाईच्या शाईला त्याने इजा होऊ शकते.

देवनागरीतल्या कोरियाच्या तिकिटांचं मला फार अप्रूप आहे. कोरियन युद्धानंतर युद्धकैद्यांची जबाबदारी घ्यायला भारताची तुकडी १९५३ मध्ये तिथे गेली, तिच्या टपालासाठी पुरातत्त्व मालिकेच्या तिकिटांवर "भारतीय संरक्षा कटक कोरिया" असं छापलं. पुढच्या वर्षी इंडोचायनाच्या आयोगासाठी कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनामची नावं अशीच देवनागरीत छापली गेली. यातली न वापरलेली तिकिटं बऱ्यापैकी मिळतात आणि खोटी निघायची भीती कमी, पण खऱ्या पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यासकट असतील तर मजा वेगळीच. म्हणून ताई, ते जे पाकीट म्हणालात त्यावर पत्ता, शिक्के असं काही असेल तर तिकिटं त्याच्यापासून वेगळी करू नका, आणि रिकामं पाकीट म्हणून फेकूही नका.

पाकिस्तानच्या बाबतीत दोन गट पाडा. नाशिकला छापलेली १९ तिकिटं, तीन पाईंपासून २५ रुपयांपर्यंत, एकसारखी नीट अक्षरं. त्याशिवाय फाळणीनंतरच्या गोंधळात जागोजागी रबरी शिक्क्याने, स्थानिक छापखान्यात, काही ठिकाणी हाताने लिहून सुद्धा पाकिस्तान टाकलं गेलं. ही स्थानिक तिकिटं सुटी असतील तर मी त्यांना किंमत द्यायला कचरेन, रबरी शिक्का कोणीही बनवू शकतो. तारीख आणि गाव वाचता येणाऱ्या अख्ख्या पाकिटावर असतील तरच बोलण्यात अर्थ. १९७१ च्या निर्वासित मदतीच्या ५ पैशांच्या तिकिटांचं पण असंच, तेव्हाही ठिकठिकाणी वेगवेगळे ठसे मारले होते.

कंडिशनबद्दल थोडक्यात सांगते कारण तिथे गूढ काही नाही. उजेडासमोर धरून थिन आणि भोकं बघा, चारही बाजूंचे दाते मोजून सारखे आहेत का बघा, चित्र मधोमध आहे का, रंग उन्हाने उडालाय का. न वापरलेल्या तिकिटाचा गम अति चकचकीत आणि दात्यांच्या टोकांपर्यंत घट्ट बसलेला असेल, दाते कडक वाटत असतील, तर गम नंतर लावलाय. लाँगवेव्ह यूव्ही टॉर्चखाली दुरुस्ती, नवा गम, पुसलेला शिक्का बऱ्याचदा वेगळा चमकतो. तुमचे पिवळे डाग म्हणजे टोनिंग, आपल्या पावसाळी हवेत ते होतंच, पण ते पसरतं, म्हणून डागाळलेली तिकिटं आधी वेगळी करा, आणि ब्लीच वगैरे घरगुती उपाय करायला जाऊ नका. ओव्हरप्रिंटच्या तिकिटात मात्र मी एक गोष्ट वेगळी तोलते, अक्षरं पूर्ण आणि स्वच्छ दिसतायत का. थोडं डाव्याउजव्या बाजूला गेलेलं चित्र चालेल, पण अर्धं नाव जाड शिक्क्याखाली गेलेलं असेल तर ते खरं आहे हे सिद्धच करता येत नाही, आणि मग त्याला भाव कसला येणार.

तर आता करा काय. कोरड्या हवेच्या दिवशी, हात धुऊन पुसून, चिमट्याने, अल्बमची पानं आहेत तशी फोटो काढून घ्या म्हणजे सासऱ्यांनी काय कुठे लावलं होतं ते राहील. पानांच्या कडेला पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल, जुनी बिलं, पोस्टाची पाकिटं असतील तर ती जपा, तिकीट कुठून कधी आलं याचा तोच पुरावा असतो. पीव्हीसीचे प्लास्टिक कप्पे वापरू नका, त्याने शाई खराब होते, सेलोटेप तर नकोच, अल्बम उभे ठेवा. मग कॅटलॉग घेऊन वर सांगितलंय तशी काळाची तपासणी करा. त्यातून उरतील आणि ज्यांची कॅटलॉग किंमत खरोखर मोठी आहे, तेवढीच तिकिटं प्रमाणपत्राला पाठवा, सगळी नाही, कारण फी आणि विमा धरून साध्या तिकिटाला ते परवडत नाही. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची एक्स्पर्ट कमिटी १८९४ पासून हे काम करते आणि तिचं मत जगभर मानलं जातं. प्रमाणपत्रावर तिकिटाचा फोटो असतो. उद्या तुम्हाला कोणी प्रमाणपत्रासकट तिकीट विकायला आला तर त्या फोटोतले दाते आणि शिक्क्याची जागा हातातल्या तिकिटाशी जुळते का बघा. "तिकीट खरं, ओव्हरप्रिंट खोटं" असंही मत येऊ शकतं, तसं आलं तर ते कागद तिकिटाबरोबरच ठेवा म्हणजे पुढे दुसरा कोणी फसणार नाही.

गांधी सगळ्यात आधी पाठवा. त्याचा पुढून मागून स्कॅन काढा, सर्व्हिसच्या अक्षरांचा जवळून वेगळा स्कॅन काढा, आणि उत्तर येईपर्यंत दोन्ही खरेदीदारांना सांगा की अल्बम विकायला नाही.